हलणारी बंदूक

कोल्हापुरातल्या एका नेमबाजीच्या रेंजवर मी एकदा सकाळचे दोन तास नुसता बसून होतो. दहा मीटर एअर रायफलचा सराव चालला होता. कडेच्या लेनवर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी उभी होती. अंगात जाड कॅनव्हासचं ताठ जाकीट, पायांत सपाट तळाचे बूट, एका डोळ्यापुढे पांढरी पट्टी. तिनं रायफल उचलली, गाल टेकवला, श्वास सोडला. मी मनात आकडे मोजू लागलो. पाच, सहा, सात, आठ. आणि तिनं रायफल खाली घेतली. छर्रा सुटलाच नाही. तिनं खांदे सैल केले, जमिनीकडे बघितलं, पुन्हा रायफल उचलली. पुन्हा आठापर्यंत आकडे, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळीही तेच.

मला वाटलं, पोर घाबरली आहे. शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकांना मी तसं हळूच म्हटलंही. ते हसले नाहीत. म्हणाले, "घाबरली असती तर झाडली असती. हिला आम्ही आधी बंदूक खाली घ्यायला शिकवलं, मग गोळी घालायला."

मग त्यांनी मला मागे काचेपलीकडच्या संगणकाजवळ नेलं. रायफलच्या नळीला काडेपेटीएवढं एक यंत्र अडकवलेलं होतं. नळीचं तोंड जिकडे वळेल तिकडे पडद्यावर रेघ उमटत होती. लहान मुलानं पाटीवर गिरगटावं तशी ती रेघ दहाच्या ठिपक्याभोवती सारखी घुटमळत होती. एक क्षणही ती थांबत नव्हती. मी विचारलं, "सर, बंदूक इतकी हलते?"

"हालणारच की ओ," ते म्हणाले. "जित्या माणसाच्या हातात हाय न्हवं ती."

खेळाडू ऐन सामन्यात स्वतःचं मन कसं सांभाळतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यावर बरंच वाचल्यानंतरही मला त्या वाक्याच्या पुढे फारसं जाता आलेलं नाही. आपण बाहेरून बघणारे मोठ्या खेळाडूला 'थंड डोक्याचा' म्हणतो. त्याला भीती वाटत नसेल, त्याचं काळीज धडधडत नसेल, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्याचीही बंदूक हलतच असते. फरक इतकाच, की ती हलते म्हणून तो तिच्याशी भांडत बसत नाही.

नेमबाजी हे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे. कबड्डीत भीतीला पळायला वाव असतो, कुस्तीत रागाला अंग मिळतं. नेमबाजीत भावना जिरवायला जागाच नाही. एअर रायफलच्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनानं कागदावर टिंब द्यावं तेवढा. तो दहा मीटरवरून, उभ्यानं, पाचएक किलोची रायफल हातात धरून टिपायचा. तिथे धडधडीचा हिशेब लगेच आकड्यांत लागतो.

1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसपासून दूर शातोरू या गावी होती. 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या फायनलमध्ये आठ जण उभे होते. त्यांत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे होता. वडील शिक्षक, आई गावची सरपंच, स्वतः मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. धोनीला आदर्श मानणारा, आणि योगायोगानं त्याच्यासारखीच रेल्वेची नोकरी करणारा. पात्रता फेरीत तो 590 गुणांनी सातवा आला होता. फायनलमध्ये सगळ्यांची पाटी कोरी होते, आधीचे गुण पुसले जातात.

या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून गोळ्या झाडायच्या असतात. बसल्या स्थितीनंतर तो सहावा होता, झोपल्या स्थितीनंतर पाचवा. उभ्या स्थितीत सगळ्यांचीच बंदूक जास्त हलते आणि बरेच जण तिथेच गळतात. स्वप्नील तिथे वर सरकत गेला. 451.4 गुणांवर त्याचं कांस्यपदक नक्की झालं. खाशाबा जाधवांच्या 1952 मधल्या हेलसिंकीच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनं मिळवलेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

सामन्यानंतर त्यानं जे सांगितलं, ते मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, पोटात गोळा आला होता. फक्त काळा चहा पिऊन तो रेंजवर आला. काळीज जोरात धडधडत होतं. मग केलं काय? श्वासाकडे लक्ष दिलं, नवं काही करून बघायचं नाही असं ठरवलं, आणि गुणफलकाकडे बघितलं नाही.

'मी शांत होतो' असं तो म्हणाला नाही, हे लक्षात घ्या. पोटात गोळा होता, छातीत धडधड होती, आणि त्यांच्या शेजारीच काम चाललेलं होतं. हे त्याला एका दिवसात साधलेलं नाही. 2022 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. देशाला ऑलिंपिकची जागा मिळाली, पण पदक नाही. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण आलं, वैयक्तिक प्रकारात मात्र आघाडीवर असताना उभ्या स्थितीत एक गोळी वाईट गेली आणि तो पुन्हा चौथाच राहिला. चौथा क्रमांक फार वाईट. आठव्याला निदान झोप लागते. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या. त्यांना तो दुसरी आई म्हणतो. अशा दोन चौथ्या क्रमांकांनंतर माणसाला पुन्हा त्याच उभ्या स्थितीत उभं करणं हे किती दिवसांचं आणि किती माणसांचं काम असेल!

आता छातीतल्या त्या धडधडीकडे जरा जवळून बघू. धोका आहे असं मेंदूला वाटलं, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून ॲड्रेनलीन सुटतं. हृदय जोरात धडधडू लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, तळवे घामेजतात, बोटांना सूक्ष्म कंप सुटतो. वाघापासून पळायचं असेल तर हे सगळं उत्तम. शंभर मीटर धावायचं असेल तरी बरं. अर्धा मिलिमीटर टिपायचा असेल तर मात्र प्रत्येक ठोक्याबरोबर नळीचं तोंड उडतं.

ही धडधड औषधानं दाबता येते. हृदयविकारात दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधं ठोके मंद करतात, हाताचा कंप कमी करतात. म्हणूनच नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूनं पिस्तुलाच्या प्रकारांत एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं होतं. चाचणीत प्रोप्रानोलॉल हे औषध सापडलं आणि दोन्ही पदकं काढून घेतली गेली. इतर खेळांत लोक ताकद वाढवायला औषधं घेतात. इथे शांतता मिळवण्यासाठी घेतलेली गोळी चोरी ठरते. नेमबाजीच्या नियमांनी मनावरचा ताबा हीच इथली ताकद मानली आहे, आणि मला ते मनापासून पटतं.

औषधाशिवाय हृदयाला हात लावायचा एक सोपा रस्ता माणसाकडे आहे, तो श्वासाचा. आपण श्वास घेतो तेव्हा ठोके किंचित जलद होतात, सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. हे शरीरात आपोआप चालू असतं. तुम्हीही मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या आणि सोडा, नाडीतला फरक कळेल. म्हणून लांब उच्छ्वास कामी येतो. नेमबाज श्वास सोडतो, पुढचा घेण्याआधी एक नैसर्गिक थांबा येतो, आणि त्या थांब्यात तो चाप ओढतो. हा थांबा काही सेकंदांचाच असतो. तो लांबवला तर स्नायू थकतात, डोळ्यांपुढचं चित्र गोठल्यासारखं होतं, आणि 'आता झाडलीच पाहिजे' अशी घाई मनात शिरते. आठापर्यंत आकडे मोजताना मी बाहेरून जे बघत होतो ते हेच. पोरीचा थांबा संपत होता आणि ती प्रामाणिकपणे बंदूक खाली घेत होती.

सरावलेल्या नेमबाजांचं हृदय गोळी सुटण्याआधीच्या काही क्षणांत जरा मंदावतं, असं मोजमापांत दिसून आलं आहे. ते कुणी ठरवून मंद करत नाही. लक्ष सगळं बाहेर, निशाणावर जाऊन बसलं की शरीर आपण होऊन दबक्या पावलांनी चालू लागतं. आधी मन शांत करा आणि मग लक्ष लावा, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. इथे क्रम उलटा दिसतो. लक्षाला बसायला नेमकी जागा मिळाली, की शांतता मागून येते. आली नाही तरी काम अडत नाही.

हे किती खरं आहे ते मॅथ्यू एमन्सच्या गोष्टीत दिसतं. नेमबाजीच्या इतिहासात याहून जिवाला लागणारी गोष्ट मला माहीत नाही.

अथेन्स, 2004. हा अमेरिकन नेमबाज एक सुवर्ण आधीच जिंकून बसला होता. थ्री पोझिशन्सच्या फायनलमध्ये शेवटची गोळी उरली तेव्हा तो तीन गुणांनी पुढे होता. सुवर्णासाठी त्याला जेमतेम सव्वासात गुण हवे होते. त्याच्या दर्जाच्या माणसाला इतके कमी गुण मुद्दामही मिळवता येत नाहीत. त्यानं गोळी झाडली. समोरच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्यानं हात करून पंचांना खुणावलं, मी गोळी झाडली आहे. पंच आले, कुजबुज झाली. मग उलगडलं, की दुसऱ्या लेनवर उभ्या एमन्सनं गोळी घातली होती ती तिसऱ्या लेनच्या निशाणावर. तिथे तिला 8.1 गुण मिळाले असते, म्हणजे सुवर्णाला पुरून उरले असते. स्वतःच्या निशाणावर मात्र शून्य. पहिल्यावरून तो थेट आठवा झाला.

मागाहून त्यानं कारण सांगितलं. एरवी तो प्रत्येक गोळीआधी निशाणाच्या वरचा लेनचा आकडा बघायचा आणि तिथून नजर खाली उतरवायचा. त्या एका गोळीला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता. आकडा बघायचा राहून गेला.

शांत होण्याच्या धडपडीनंच त्याचं लक्ष पळवलं. भीतीनं त्याचं नुकसान केलं नाही, भीतीला हाकलण्याच्या कामानं केलं. मनाच्या माजघरात जागा थोडी असते. तिथे काळजीला बसवा की काळजीशी झगडणाऱ्याला बसवा, पाट दोघंही अडवतात. आणि 'आकडा बघ' हे बिचारं साधं काम उंबऱ्याबाहेर उभं राहतं.

ऐन वेळी हात आखडण्याचा दुसरा प्रकार याच्या नेमका उलटा आहे. त्यात लक्ष पळत नाही, जास्तच जवळ येतं. जिना उतरताना आता उजवा पाय की डावा, असा विचार करून बघा, अडखळाल. चाळीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या बाईला विचारा, लाटणं कोणत्या हातानं किती दाबता. पुढची पोळी वाकडी येईल. हात जे काम स्वतः शिकला आहे, त्यात डोकं घातलं की बिघडतं. रिचर्ड मास्टर्स यांनी 1992 मध्ये गोल्फच्या चेंडूवर याचा प्रयोग केला. ज्यांना चेंडू ढकलण्याचे नियम समजावून शिकवले होते, त्यांचा खेळ दडपणाखाली डळमळला. ज्यांनी नियमांवाचून, करता करता ते अंगवळणी पाडलं होतं, त्यांचा टिकला. सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगांतही असंच दिसलं. आपल्या हालचालीकडे बारकाईनं लक्ष दे असं सांगितलं तर नवशिक्याला त्याचा त्रास होत नाही, कसलेल्याला मात्र होतो. गॅलरीतून 'लक्ष दे, लक्ष दे' म्हणून ओरडणाऱ्या आईबापांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. कशाकडे लक्ष द्यायचं, हे सांगितल्याशिवाय त्या ओरडण्याला अर्थ नाही.

कशाकडे द्यायचं मग? कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरा मोजल्या. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो टाकणारा पटाईत खेळाडू हात हलवण्याआधी रिंगच्या एका ठिकाणी नजर ठेवतो आणि ती इतरांपेक्षा जास्त वेळ तिथेच ठेवतो. कच्च्या खेळाडूची नजर भिरभिरते. व्हिकर्स यांनी या स्थिरावलेल्या नजरेला 'शांत डोळा' असं नाव दिलं. शब्द सुंदर आहे. मन शांत असो नसो, डोळा शांत ठेवता येतो. तो स्नायूंनी हलतो, आणि स्नायूंना शिकवता येतं.

बीजिंगमध्ये 11 ऑगस्ट 2008 रोजी अभिनव बिंद्रानं हेच केलं असावं, असं मला त्या फायनलचे आकडे वाचताना नेहमी वाटतं. पात्रता फेरीत तो चौथा होता. फायनलआधीच्या सरावात त्यानं पहिला छर्रा मारला तो दहाच्या आसपासही नाही, पार चारच्या वर्तुळात जाऊन बसला. रायफलची साइट बिघडलेली होती. हाताशी मिनिटं मोजकी. अशा वेळी मन 'कुणी केलं, का केलं, माझ्याच नशिबी का' या वाटेला लागतं आणि ते साहजिक आहे. बिंद्रानं साइटचे क्लिक फिरवून ती पुन्हा जागेवर आणली. शेवटच्या छर्ऱ्याआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन अगदी बरोबरीत होते, दोघांचेही 689.7. हॅकिनेनचा छर्रा 9.7 वर गेला. बिंद्राचा 10.8 वर. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण.

या मुक्कामाला पोचण्यासाठी त्यानं काय काय केलं नव्हतं! स्पर्धेच्या आधी जर्मनीत एका उंच खांबावर चढून माथ्यावर उभं राहण्याचा सराव त्यानं केला, भीतीची ओळख व्हावी म्हणून. आणि सुवर्णानंतर आलेल्या पोकळीबद्दलही तो मोकळेपणानं बोलला आहे. वर्षानुवर्षं ज्या ठिपक्यावर नजर होती तो टिपून झाल्यावर नजर ठेवायची कुठे, हा प्रश्न पदकाच्या आनंदात कुणी विचारत नाही. विचारायला हवा.

क्रिकेटमधला प्रश्न वेगळा आहे, तो वेळेचा. नेमबाजाची फायनल तासाभरात आटोपते, फलंदाजाला दिवसभर उभं राहायचं असतं. सहा तास सलग एकाग्र राहता येत नाही. ते कुणालाच येत नाही आणि चांगले फलंदाज तसा प्रयत्नही करत नाहीत. गोलंदाज पळायला लागला की दिवा लावायचा, चेंडू संपला की मालवायचा. मधल्या वेळात हातमोज्यांच्या पट्ट्या ओढायच्या, खेळपट्टीवर बॅट आपटायची, आकाशाकडे बघायचं. प्रेक्षकाला हे चाळे वाटतात. ते दिव्याचं बटण आहे.

सचिन तेंडुलकरनं एकदा सांगितलं होतं, की दहा-बारा वर्षं सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. सुरुवातीला तो त्या अस्वस्थतेशी भांडला. मग त्याला उमगलं, की ही आपल्या तयारीचाच भाग आहे, आणि त्यानं भांडण सोडलं. झोप येत नाही ना, मग काहीतरी करत बसायचं. चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायची, बॅग भरून ठेवायची. बॅग आदल्या दिवशी भरायची सवय भावानं लावलेली, ती शेवटच्या सामन्यापर्यंत टिकली. हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे सारखं तेच चित्र येतं: उद्या कोट्यवधी लोक ज्याच्याकडे डोळे लावून बसणार आहेत असा माणूस रात्री शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवतो आहे. हाताला काम आहे, मन त्या कामाच्या मागे चाललं आहे. ही माणसं भीतीला घराबाहेर काढत नाहीत, तिला घरातलं एक काम लावून देतात.

त्याचीच 2004 मधली सिडनीची खेळी आठवा. त्याआधी तो ऑफच्या बाहेरच्या चेंडूंवर ड्राइव्ह मारताना बाद होत होता. सिडनीत त्यानं कव्हर ड्राइव्ह मिटवूनच ठेवला. दहा तासांहून अधिक वेळ, 436 चेंडू, नाबाद 241. आपल्या सगळ्यांत देखण्या फटक्याला दिवसभर कुलूप लावून ठेवायला काय लागत असेल, हे ज्यानं बॅट धरली आहे त्यालाच कळेल. एक गोष्ट करायची नाही, एवढंच लक्षाला सांगितलेलं. उरलेलं हातांवर सोडलेलं.

रागाचं प्रकरण भीतीपेक्षा कठीण, कारण राग माणसाला बरोबर असल्याची खात्री देतो. 1981 च्या मेलबर्न कसोटीत सुनील गावसकर 70 धावांवर असताना ऑस्ट्रेलियन गोलंदाज लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला होता असं त्यांचं ठाम मत. ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या शेऱ्यांनी भडका उडाला आणि कर्णधार गावसकर जोडीदार चेतन चौहानलाच मैदानाबाहेर घेऊन निघाले. सीमारेषेवर संघाचे व्यवस्थापक दुर्राणी पुढे आले, त्यांनी चौहानला थोपवलं, दिलीप वेंगसरकर आत गेले आणि सामना चालू राहिला. दोन दिवसांत भारतानं ऑस्ट्रेलियाला 83 धावांत गुंडाळलं, कपिलदेवनं दुखऱ्या मांडीनिशी पाच बळी घेतले, आणि भारत 59 धावांनी जिंकला. गावसकरांनी पुढे त्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला. एकाग्रतेसाठी जगात नाव असलेल्या फलंदाजाची ही गोष्ट आहे, म्हणूनच ती सांगावीशी वाटते. अशा वेळी कुंपणापाशी दुसरं कुणीतरी शुद्धीवर असावं लागतं.

मन सांभाळणं हे एकट्याचं काम आहे, हा आपला आणखी एक गैरसमज. 30 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारतीय मुलींना ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावा हव्या होत्या. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर आली. त्या क्रमांकावर जायचं आहे हे तिला काही मिनिटं आधीच कळलं होतं. या स्पर्धेत मध्येच एका सामन्यात ती संघाबाहेर बसली होती. ती नाबाद 127 करून परतली आणि भारत जिंकला. अर्धशतक झालं तेव्हा जल्लोष नाही, शतक झालं तेव्हाही नाही.

सामना संपल्यावर मात्र तिला रडू आवरेना. स्पर्धेच्या काळात आपण जवळजवळ रोज रडलो, अस्वस्थतेनं ग्रासलो होतो, आईला फोन लावून रडत राहायचो, हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. खेळताना आधी ती स्वतःशी बोलत होती. शेवटी शेवटी अंगातलं त्राण संपलं तेव्हा बायबलमधलं एक वचन मनात घोळवत राहिली. आणि तेही पुरेना तेव्हा समोरच्या टोकाला येणारी प्रत्येक जोडीदार तिला एकेका चेंडूपुरतं पुढे ढकलत राहिली. एकाग्रता अशी उसनी घेता येते. आईकडून, देवाकडून, जोडीदार दीप्तीकडून, ऋचाकडून. तिचं ते बोलणं ऐकताना माझे डोळे भरून आले, आणि आपल्याकडे खेळणाऱ्या किती मुली हे ऐकत असतील या विचारानं बरंही वाटलं.

मग बंदूक खाली घेण्याचा प्रश्न. टोकियो ऑलिंपिकमध्ये 27 जुलै 2021 रोजी अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं सांघिक फायनलमध्ये व्हॉल्टवर उडी घेतली. अडीच पिळे घ्यायचे होते, हवेत तिला आपण कुठे आहोत तेच कळेना, दीड पिळ्यावर ती कशीबशी उतरली. जिम्नॅस्टिक्समध्ये मन आणि शरीर यांची अशी फारकत झाली तर मान मोडू शकते. तिनं स्पर्धेतून अंग काढून घेतलं. जगभरातून तिला 'पळपुटी' म्हणणारे निघाले. सोफ्यावर बसून दुसऱ्याच्या मानेची किंमत ठरवणाऱ्यांचा मला आजही राग येतो. काही दिवसांनी ती बॅलन्स बीमवर परतली, कांस्य घेऊन गेली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं तीन सुवर्णं जिंकली, त्यांत व्हॉल्टचंही होतं.

एमन्सचंही पुढे सांगायला हवं. बीजिंगमध्ये चार वर्षांनी त्याच प्रकारात, त्याच शेवटच्या गोळीला, तो पुन्हा आघाडीवर होता. बोट चापाला वेळेआधी लागलं. 4.4. पदक गेलं, चौथा. नंतर त्याला थायरॉइडचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली. 2012 मध्ये लंडनला तो त्याच प्रकाराच्या फायनलमध्ये तिसऱ्यांदा उभा राहिला आणि शेवटची गोळी तिसऱ्यांदा खराब गेली. रौप्य हातचं गेलं, कांस्य मिळालं. अथेन्सच्या त्या भयंकर संध्याकाळी त्याच्या खांद्यावर थाप मारून धीर द्यायला आलेली चेक नेमबाज कातेरिना कुर्कोवा तोवर त्याची बायको झाली होती.

रेंजवरच्या त्या सकाळी पोरीनं चौथ्यांदा रायफल उचलली. मी संगणकाकडे बघत होतो. रेघ नेहमीसारखीच ठिपक्याभोवती वळवळत होती, थांबली नव्हती. तिच्या वळवळण्याचा घेर तेवढा लहान होत गेला आणि त्या घेरातच केव्हातरी छर्रा सुटला. टक् असा बारीक आवाज आला. पडद्यावर आकडा आला, 10.4. तिनं तो बघितला की नाही कोण जाणे. छर्रा सुटल्यावरही ती दोन सेकंद तशीच गाल टेकवून उभी होती. मग रायफल स्टँडवर ठेवली, डबीतून दुसरा छर्रा उचलला, आणि ओठ हलवत स्वतःशी काहीतरी पुटपुटली. काचेच्या अलीकडे मला ते ऐकू आलं नाही.